तीन खेड्यांचा क्लब आणि चार जगज्जेतेपदं

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक आहे. आमची मुलं-मुली शालेय स्पर्धांसाठी हँडबॉल खेळतात. मध्यंतरी त्यांना पुरुषांच्या जागतिक हँडबॉल स्पर्धेचा २०२५चा अंतिम सामना दाखवला. तो संपल्यावर आठवीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, डेन्मार्क तर एवढासा देश. मग दर वेळी तोच कसा जिंकतो?" मला तिला समाधानकारक उत्तर देता आलं नाही. आपण द्याल का?
— एक क्रीडाशिक्षक, जि. सातारा

उत्तर : सर, तुमच्या विद्यार्थिनीने कळीचा प्रश्न विचारला आहे. डेन्मार्कची लोकसंख्या साधारण ६० लाख. २०११च्या जनगणनेत तुमच्या सातारा जिल्ह्याची लोकसंख्या ३० लाख होती, म्हणजे दोन सातारे मिळून एक डेन्मार्क. या देशाने २०१९, २०२१, २०२३ आणि २०२५ अशी सलग चार जगज्जेतेपदं मिळवली. ही स्पर्धा १९३८मध्ये सुरू झाली आणि डेन्मार्कच्या आधी कुणालाही सलग तीन विजेतेपदंसुद्धा जमली नव्हती. फ्रान्सच्या नावावर एकूण सहा आहेत, पण तीही लागोपाठ दोनच्या पुढे गेली नाहीत. २०१७मध्ये बाद फेरीत हंगेरीने डेन्मार्कला हरवलं. त्यानंतर २०२५चा अंतिम सामना संपेपर्यंत जागतिक स्पर्धेतल्या ३७ सामन्यांत डेन्मार्क एकदाही हरला नाही.

याचं मूळ शोधायचं तर एका शाळेतच जावं लागतं. कोपनहेगनजवळच्या ओर्ड्रप इथे होल्गर नील्सन नावाचे शिक्षक होते. १८९६च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये त्यांनी नेमबाजीत आणि तलवारबाजीत पदकं मिळवली होती. १९०६मध्ये त्यांनी हँडबॉलचे नियम लिहून प्रसिद्ध केले. म्हणजे आज जगभर खेळल्या जाणाऱ्या या खेळाची एक मुख्य मुळी तुमच्याच पेशातल्या माणसाने लावली आहे. पुढे १९१७ ते १९१९च्या सुमारास बर्लिनमध्ये माक्स हाइझर आणि कार्ल शेलेन्त्स यांनी जर्मन पद्धतीचे नियम बसवले. तो खेळ फुटबॉलच्या मोठ्या मैदानावर, एका बाजूला अकरा खेळाडू घेऊन चाले. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये हाच प्रकार खेळला गेला आणि जर्मनीने ऑस्ट्रियाला १०-६ असं हरवलं.

उत्तरेकडच्या देशांत हिवाळाभर मैदानावर बर्फ असतं. त्यामुळे त्यांनी खेळ छताखाली नेला, मैदान लहान केलं आणि खेळाडू सातवर आणले. फेब्रुवारी १९३८मध्ये बर्लिनमध्ये या सात जणांच्या खेळाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वीडन आणि डेन्मार्क असे चारच संघ होते. जर्मनी पहिला आला आणि डेन्मार्क शेवटचा. काही वर्षं दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी नांदले. अकरा जणांच्या खेळाची अखेरची जागतिक स्पर्धा १९६६मध्ये झाली. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये हँडबॉल परतला तो सात जणांचा, छताखालचा. हिवाळ्याची गरज म्हणून निघालेली वाट हाच पुढे हमरस्ता झाला.

पण खेळ जिथे जन्मला तिथेच कायम जिंकतो असं नसतं. खरं उत्तर डेन्मार्कच्या गावागावांत आहे. तिथे लहानशा गावातही क्रीडागृह सापडतं आणि ते बऱ्याचदा हँडबॉलच्या ४० बाय २० मीटरच्या मैदानाला बेतून बांधलेलं असतं. ते चालवणारा क्लब गावकऱ्यांचा असतो. संध्याकाळी मुलांना शिकवणारी बरीचशी माणसं स्वयंसेवक असतात, बहुतेक वेळा खेळणाऱ्या मुलांचेच आई-बाप. चौदा ते अठरा वयाच्या मुलांसाठी तिथे निवासी शाळा आहेत. मुलं एखादं वर्ष तिथे राहतात आणि त्यातल्या अनेक शाळांत अभ्यासाबरोबर हँडबॉलचं रीतसर प्रशिक्षण मिळतं.

एक क्लब जवळून पाहू. फ्यून बेटावर गुडमे, ओउरे आणि गुडबिएर्ग ही तीन खेडी आहेत. त्यांच्या आद्याक्षरांवरून क्लबचं नाव पडलं जीओजी. तीन खेड्यांनी एकत्र येऊन चालवलेला हा क्लब डेन्मार्कच्या पहिल्या फळीतल्या क्लबांत गणला जातो. मिकेल हान्सन, गोलरक्षक निक्लास लांदिन, मथियास गिडसेल आणि सिमॉन पिटलिक हे चौघेही जागतिक विजेते आपल्या उमेदीच्या वर्षांत या क्लबाकडून खेळले. तुमच्या विद्यार्थिनीला सांगा, देश एवढासा आहे खरा, पण तिथल्या प्रत्येक गावाला खेळायला छप्पर आहे आणि शिकवायला माणूस आहे. लोकसंख्येतली किती मुलं दर आठवड्याला हातात चेंडू घेतात, यावर सगळं ठरतं.

आणखी एक गोष्ट तिला आवर्जून सांगा. डेन्मार्कमध्ये पुरुषांच्या आधी महिला जिंकल्या. १९९६, २००० आणि २००४ अशी सलग तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं त्यांच्या महिला संघाने मिळवली, तेव्हा पुरुष संघाच्या खात्यात ऑलिंपिकचं एकही पदक नव्हतं. १९९६च्या महिला संघाचे प्रशिक्षक उलरिक विल्बेक पुढे पुरुष संघाकडे आले आणि त्यांच्या हाताखाली पुरुषांनी २००८ आणि २०१२ची युरोपीय विजेतेपदं मिळवली. २००० आणि २००४च्या महिला संघाचे प्रशिक्षक यान पिटलिक यांचा मुलगा म्हणजेच वर उल्लेखलेला सिमॉन. महिलांच्या विजयांनी क्रीडागृहं भरली, त्या गर्दीत वाढलेली पिढी आज पुरुषांची पदकं आणते आहे.

तरीही जागतिक विजेतेपदाने डेन्मार्कच्या पुरुषांना खूप ताटकळत ठेवलं. १९६७मध्ये ते अंतिम सामना हरले. २०११मध्ये फ्रान्सने त्यांना जादा वेळेत ३७-३५ असं हरवलं. २०१३मध्ये बार्सिलोनात स्पेनने ३५-१९ असा धुव्वा उडवला. जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात सोळा गोलांनी हरणं म्हणजे काय, हे हँडबॉल खेळणाऱ्या मुलांना वेगळं सांगायला नको. प्रशिक्षक निकोलाय याकॉबसन २०१७मध्ये आले, २०१९मध्ये डेन्मार्कने आपल्याच हेर्निंग शहरात नॉर्वेला ३१-२२ असं हरवलं आणि तिथून मालिका सुरू झाली. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर हान्सन आणि लांदिन दोघेही राष्ट्रीय संघातून निवृत्त झाले. कुठल्याही संघाचा कणा मोडावा अशी ही वेळ होती. सहा महिन्यांत त्यांच्याशिवाय चौथं विजेतेपद आलं. पाया गावात असला की हे शक्य होतं.

या अनुषंगाने वाचकांनी विचारलेल्या आणखी काही प्रश्नांची उत्तरं पुढे देत आहे.

प्रश्न : ही स्पर्धा नेहमी जानेवारीतच का होते? आणि विजेत्याला किती सामने खेळावे लागतात?

उत्तर : युरोपातल्या क्लबांचा हंगाम उन्हाळ्याच्या अखेरीस सुरू होतो आणि पुढच्या जूनपर्यंत चालतो. जवळजवळ सगळे मोठे खेळाडू याच क्लबांत पगारावर असतात. जानेवारीत लीगला सुट्टी देऊन खेळाडूंना देशासाठी मोकळं केलं जातं. विषम वर्षी जागतिक स्पर्धा आणि सम वर्षी युरोपीय स्पर्धा, असा क्रम आहे. १९९३पूर्वी जागतिक स्पर्धा तीन-चार वर्षांनी होई, तेव्हापासून ती दर दोन वर्षांनी होते.

२०२१पासून स्पर्धेत ३२ संघ असतात. चार-चारच्या आठ गटांतून प्रत्येकी तीन संघ पुढे जातात. मग सहा-सहाचे चार गट होतात आणि बरोबर पुढे आलेल्या संघांविरुद्ध कमावलेले गुण इथेही धरले जातात. प्रत्येक गटातले पहिले दोन उपांत्यपूर्व फेरीत जातात. विजेत्याला तीन आठवड्यांच्या आत नऊ सामने खेळावे लागतात. एवढ्या धक्काबुक्कीच्या खेळात सात चांगले खेळाडू असून भागत नाही, राखीव खेळाडूही त्याच तोडीचे लागतात. गावोगाव खेळ असणाऱ्या देशाला इथेच फायदा होतो.

प्रश्न : जुन्या सामन्यांत गोल खूप कमी दिसतात. आता चाळीस-चाळीस गोल होतात. गोलरक्षक कमजोर झाले का?

उत्तर : मुळीच नाही, खेळाचा वेग बदलला. १९६१मध्ये डॉर्टमुंडच्या अंतिम सामन्यात रुमानियाने चेकोस्लोव्हाकियाला हरवलं ते ९-८ असं, आणि तेही जादा वेळ खेळून. २०२५मध्ये ओस्लोजवळ डेन्मार्कने क्रोएशियाला ३२-२६ असं हरवलं. दोन्ही अंतिमच सामने, पण चेंडू फिरण्याची गती पूर्णपणे वेगळी.

पूर्वी गोल झाल्यावर प्रतिस्पर्धी आपल्या अर्ध्यात परतेपर्यंत खेळ सुरू होत नसे. आता गोल खाल्लेला संघ पटकन चेंडू मध्यावर नेतो आणि समोरचे खेळाडू जल्लोष आवरून मागे पळत असतानाच हल्ला चढवतो. हातात चेंडू धरून तीनच पावलं टाकता येतात आणि तो तीनच सेकंद धरता येतो. चेंडू नुसता इकडून तिकडे फिरवत वेळ काढणाऱ्या संघाला पंच हात वर करून इशारा देतात. त्यानंतर चार पासमध्ये गोलवर फटका मारावा लागतो. २०२२पर्यंत ही मुभा सहा पासची होती. शिवाय २०१६पासून गोलरक्षकाला बाहेर बोलावून सातवा खेळाडू हल्ल्याला पाठवणं सोपं झालं. त्यात चेंडू हरवला तर मोकळ्या गोलात लांबूनच गोल होतो. हे सगळे बदल गोल वाढवणारेच आहेत.

गोलरक्षकाचं मोल मात्र वेगळ्या मापाने मोजावं लागतं. गोल तीन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच. सहा मीटरच्या रेषेवरून उडी मारलेला खेळाडू चेंडू सोडेपर्यंत हवेत आणखी पुढे आलेला असतो. चेंडू हातातून सुटल्यावर हालायला सुरुवात केली तर उशीरच होतो. म्हणून गोलरक्षक मारणाऱ्याचा खांदा, कोपर आणि मनगट वाचतो आणि हातपाय एकदम फाकवून जास्तीत जास्त जागा झाकतो. आलेल्या फटक्यांपैकी एक तृतीयांश अडवले तर त्याचा दिवस उत्तम गेला असं समजतात.

प्रश्न : मी डावखुरा आहे. आमचे सर म्हणतात, हँडबॉलमध्ये डावखुऱ्याला सोन्याचा भाव. खरं आहे का?

उत्तर : अगदी खरं आहे. मैदानावर चाचणी घेऊन बघ. गोलाकडे तोंड करून उजव्या कोपऱ्यात, सहा मीटरच्या रेषेबाहेर उभा राहा. चेंडू उजव्या हातात घेतला तर हात मैदानाच्या बाहेरच्या बाजूला जातो आणि समोर गोलाची अरुंद फट उरते. तोच चेंडू डाव्या हातात घेतला की हात मैदानाच्या आतल्या बाजूला येतो आणि गोल उघडा दिसू लागतो. उडी आत घेतली तर कोन आणखी वाढतो. म्हणून उजवी विंग आणि उजवा बॅक या दोन जागांसाठी प्रशिक्षक डावखुरे शोधत असतात.

२०२३ आणि २०२५ या दोन्ही जागतिक स्पर्धांत सर्वोत्तम खेळाडू ठरलेला मथियास गिडसेल डावखुराच आहे आणि उजव्या बॅकला खेळतो. तो काही दांडगट नाही, अंगाने सडपातळ आहे. दोन बचावपटूंच्या मधली फट त्याला इतरांच्या आधी दिसते. तो बाहेर जाण्याची हुलकावणी देतो, बचावपटूचा पाय त्या बाजूला पडला की आत घुसतो आणि पडता-पडता चेंडू सोडतो. त्याचे सामने बघताना चेंडूवर नजर ठेवू नकोस, त्याच्या पायांवर ठेव.

प्रश्न : टीव्हीवर खेळाडूंच्या बुटांच्या टाचेवर काहीतरी चिकट लावलेलं दिसतं. ते काय असतं?

उत्तर : ती राळ. पुरुषांच्या चेंडूचा घेर ५८ ते ६० सेंटिमीटर आणि वजन ४२५ ते ४७५ ग्रॅम असतं. एवढा चेंडू घामेजल्या हातात पक्का धरता यावा म्हणून बोटांना राळ लावतात आणि जवळ साठा असावा म्हणून तिचा गोळा बुटावर ठेवतात. राळेमुळेच चेंडूला मनगटाने जबर फिरकी देता येते. असा चेंडू गोलरक्षकाच्या बाजूला टप्पा खाऊन अचानक आत वळतो. आपल्याकडे मातीच्या मैदानावर राळ लावली तर चेंडूला धूळच चिकटेल. त्यामुळे टीव्हीवरची फिरकी आपल्या मुलांना जमली नाही तर तो त्यांचा दोष समजू नये. फरक मैदानाचा आहे.

प्रश्न : युरोपाबाहेरच्या कुणी हे विजेतेपद मिळवलं आहे का?

उत्तर : अजून नाही. २०२५पर्यंतचे सगळे विजेते युरोपातलेच आहेत. सर्वांत जवळ पोहोचला कतार. २०१५मध्ये दोह्याजवळ लुसैल इथे झालेल्या अंतिम सामन्यात फ्रान्सने यजमानांना २५-२२ असं हरवलं. कतारच्या संघात क्युबा, फ्रान्स, बाल्कन देश अशा ठिकाणांहून येऊन नागरिकत्व घेतलेले अनेक खेळाडू होते. त्यांच्यापैकी बेर्त्रां रुआने २०११मध्ये फ्रान्सकडून जगज्जेता झालेला होता. प्रशिक्षक वालेरो रिवेरा यांनी दोनच वर्षांपूर्वी स्पेनला जगज्जेतेपद मिळवून दिलं होतं. नियमात हे बसत होतं, तरी त्यावर बरीच टीका झाली.

माझ्या मते आपल्याला शिकण्यासारखं उदाहरण इजिप्तचं आहे. त्यांनी ज्युनियर गटापासून बांधणी केली. १९९३मध्ये ज्युनियर आणि २०१९मध्ये युवा गटाचं जगज्जेतेपद त्यांनी जिंकलं. वरिष्ठ संघ २००१मध्ये जागतिक स्पर्धेत चौथा आला, टोकियो ऑलिंपिकमध्येही चौथा आला. २०२१च्या जागतिक स्पर्धेत करोनामुळे रिकाम्या असलेल्या कैरोच्या क्रीडागृहात इजिप्तने डेन्मार्कला उपांत्यपूर्व सामन्यात दोन जादा डावांपर्यंत बरोबरीत रोखलं. निकाल अखेर सात मीटरच्या फटक्यांवर लागला, ३९-३८. डेन्मार्कची ती सगळी मालिका तिथे संपता-संपता राहिली.

प्रश्न : भारताचा संघ या स्पर्धेत कधी दिसेल?

उत्तर : भारतीय पुरुष संघ आजवर जागतिक स्पर्धेला पात्र ठरलेला नाही. आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत वरचा क्रमांक मिळाला तर तिकीट मिळतं, आणि तिथे कतार, बहारीन, कुवेत, जपान, दक्षिण कोरिया असे मुरलेले संघ आहेत. पण आपली पाटी कोरी नाही. आशियाई क्रीडा स्पर्धांत हँडबॉल पहिल्यांदा खेळला गेला तो १९८२मध्ये आपल्याच दिल्लीत. २०२२मध्ये अल्माटीत भारताच्या ज्युनियर मुलींनी आशियाई अजिंक्यपद जिंकलं. २०२३मध्ये जयपूरला पुरुषांची पहिली प्रीमियर हँडबॉल लीग झाली आणि ती महाराष्ट्र आयर्नमेन या संघाने जिंकली.

अडचण मधल्या टप्प्याची आहे. आपल्याकडे मुलं शालेय स्पर्धेपुरती खेळतात. जिल्हा, विभाग, राज्य अशी चढत जातात, प्रमाणपत्र मिळतं, दहावी-बारावी होते आणि खेळ सुटतो. वयाच्या सोळा-सतराव्या वर्षी, म्हणजे हात, खांदा आणि डोळा एकत्र काम करू लागतात नेमक्या त्याच वेळी, त्यांना खेळायला जागा उरत नाही. डेन्मार्कमधली मुलं त्याच वयात गावच्या क्लबच्या मोठ्या संघात शिरतात.

महाराष्ट्राला हे अपरिचित नाही. कबड्डी आपल्याकडे मोठी झाली ती मंडळांमुळे. शाळा सुटली तरी संध्याकाळी मंडळाचं मैदान होतं, थोरले खेळाडू धाकट्यांना शिकवत होते, गल्लीची गल्ली सामना बघायला उभी राहत होती. जीओजी हा क्लब म्हणजे तीन खेड्यांचं असंच मंडळ आहे. हँडबॉलला आपल्याकडे मंडळ मिळालेलं नाही, एवढंच.

म्हणून सातारच्या सरांना माझं सांगणं आहे : शाळेतून बाहेर पडलेल्या मुला-मुलींना आठवड्यातून दोन संध्याकाळी पुन्हा मैदानावर बोलवा. माजी विद्यार्थ्यांचा एक संघ उभा करा आणि शेजारच्या दोन-तीन गावांना त्यात सामील करून घ्या. मुलींना मुलांइतकाच वेळ द्या. डावखुरी मुलं हेरून त्यांना उजव्या बाजूला खेळवा. गोलरक्षकासाठी उरलेलं मूल उभं करू नका, सर्वांत धीट आणि चपळ मूल निवडा. यातल्या एकाही गोष्टीला छप्पर किंवा राळ लागत नाही. पुढची जागतिक स्पर्धा जानेवारी २०२७मध्ये जर्मनीत आहे. ती बघताना मुलांना एक काम द्या : विजेत्या संघातला प्रत्येक खेळाडू लहानपणी कुठल्या गावात, कुठल्या क्लबात खेळायला लागला ते शोधून वहीत लिहायचं. तुमच्या विद्यार्थिनीला तिच्या प्रश्नाचं उत्तर त्या गावांच्या यादीत मिळेल.